दोन पुस्तकं आणि पहाटेचा तलाव

लग्न होऊन नागपूरहून बंगळूरला आले, तेव्हा नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. रसायनशास्त्राची पदवी हातात होती आणि पुढे पर्यावरणशास्त्रात एमएस्सी करायची होती. पण त्याच्या प्रवेशपरीक्षेचा क्लास कुठेच नव्हता. विषयच नवा. विद्यापीठाच्या माहितीपत्रकात नुसती प्रकरणांची शीर्षकं होती, पुस्तकाचं नाव एकही नाही.

"चल, जुन्या पुस्तकांच्या गल्लीत बघू," सासरे म्हणाले. घरातल्या सगळ्यांसारखी मीही त्यांना अण्णाच म्हणायचे. घराणं पिढ्यान्‌पिढ्या इथलं, त्यामुळे त्यांच्या मराठीत कन्नड सहज मिसळलेलं. नुकतेच बँकेतून निवृत्त झालेले. विज्ञानाशी त्यांचा संबंध शाळेतच संपला होता.

चिकपेटमधल्या साड्यांच्या दुकानांची गर्दी ओलांडून आम्ही त्या गल्लीत शिरलो. दुकानदाराने बऱ्याच शोधाशोधीनंतर दोन पुस्तकं पुढे ठेवली. एक पातळसं गाइड, सगळी प्रश्नोत्तरं. दुसरं परदेशी, जाडजूड, कुणीतरी पेन्सिलीने समासात खुणा केलेलं. मी कधी हे चाळत होते, कधी ते. शेवटी दुकानदारालाच कंटाळा आला. "दोन्ही न्या, नको ते परत आणा," तो म्हणाला.

घरी आल्यावरही माझं ठरेना. अण्णा म्हणाले, "स्वल्प थांब. दोघांना एकच प्रश्न विचारू. कोण काय सांगतं बघू."

"कुठला प्रश्न?"

"आपल्या तलावातले मासे का मरतात?"

घरामागच्या तलावाचं पाणी त्या वर्षी हिरवंगार झालं होतं आणि अधूनमधून काठाला मेलेले मासे लागत. कुणीतरी विष कालवलं, अशी गल्लीभर चर्चा होती. गाइडचं उत्तर एका ओळीचं होतं: सांडपाण्यातल्या विषारी द्रव्यांमुळे. जाड पुस्तकात मात्र दीड पान होतं. मी ते मराठीत सांगत गेले. सांडपाण्यावर शेवाळ माजतं. दिवसा ते पाण्यात प्राणवायू सोडतं, पण रात्री तेही श्वास घेतं आणि प्राणवायू संपवत आणतं. सूर्य उगवायच्या आधी तो सगळ्यात कमी असतो. तेव्हा मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकतात.

"म्हणजे आपल्याला दिसायला हवेत," अण्णा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी तांबडं फुटायच्या आत आम्ही तलावावर गेलो. आधी काहीच दिसेना. मग अण्णांनी माझा दंड धरला. पाण्यावर जागोजागी छोटी गोल तोंडं उघडत होती, मिटत होती. शेकडो. आवाजही येत होता, बारीक चुटचुट. आम्ही दगडावर बसून राहिलो. ऊन पाण्यावर चांगलं पसरलं तशी तोंडं एकेक करून खाली गेली.

"सरी! बरोबर!" अण्णा मांडीवर थाप मारून म्हणाले. "हे पुस्तक खरं बोलतं."

गाइड परत गेलं. मी जाड पुस्तक झपाटल्यासारखं वाचलं आणि परीक्षेत आपटले. सगळे प्रश्न एका शब्दात उत्तर मागणारे. मला दीड पान येत होतं, एक शब्द आठवत नव्हता. अण्णांना माझ्यापेक्षा जास्त वाईट वाटलं. "निवड माझी चुकली," ते म्हणाले. मला तसं वाटलं नाही. पुढच्या वर्षी त्याच दुकानातून तसलंच गाइड आणलं, शेवटचे दोन महिने फक्त ते घोकलं आणि प्रवेश मिळाला.

तोवर जाड पुस्तक अण्णांच्या खोलीत गेलं होतं. शब्दकोश शेजारी ठेवून ते रोज थोडं वाचत, सकाळी तलावावर चक्कर मारत. माझं कॉलेज सुरू व्हायच्या आदल्या दिवशी चहा घेताना त्यांनी विचारलं, "खग्रास ग्रहणात भर दिवसा अंधार होतो. तेव्हा मासे वर येत असतील का गं?"

मला माहीत नव्हतं. पुस्तकातही नव्हतं. पण तो अंधार जेमतेम काही मिनिटांचा, तेवढ्यात प्राणवायू संपेल का, यावर आम्ही चहा गार होईपर्यंत वाद घातला.