झाकण लावण्याआधी

मुलांनो, गेल्या खेपेला तुम्ही मला हसलात. माळ्याचं दार लावण्याआधी मी त्यावर तीनदा ठोकते आणि जरा थांबते. त्याचं कारण फोनवर नीट सांगता येत नाही, म्हणून लिहून पाठवते.

नोकरीची शेवटची काही वर्षं मी शिवडीकडच्या एका खासगी जहाजदुरुस्तीच्या गोदीत सामानाच्या नोंदी ठेवत होते. ती गोदी आता नाही. नौदलाची दोन सारखी जहाजं तिथे शेजारी शेजारी उभी होती. सुटे भाग वेळेवर येत नसत, म्हणून एकाचे काढून दुसऱ्याला बसवत. माणसांचंही तेच. खलाशी अपुरे, म्हणून इकडचे तिकडे पाठवत. हळूहळू एक जहाज आतून पोकळ झालं. त्याच्या जिन्यावरून उतरताना आपलीच पावलं मागून येताहेत असं वाटे.

जहाजाच्या पोटातल्या टाकीत उतरणाऱ्याने आपला पितळी बिल्ला त्याच जहाजाच्या फळीवर अडकवायचा आणि वर आला की काढायचा, असा नियम होता. फळी रिकामी म्हणजे टाकी रिकामी. मगच झाकण.

त्या दुपारी मी पोकळ जहाजावरून काढलेला एक पंप कधी बसवणार हे विचारायला दुसऱ्या जहाजावर गेले. फोरमन टाकीचं झाकण आवळत होता. तो मालवणकडचा, माझ्याच वयाचा. बाईंच्या वहीत नोंद नसेल तर गोदीत समुद्रसुद्धा नाही, असं तो सगळ्यांना सांगत असे. सवयीने मी फळीकडे पाहिलं. ती रिकामी होती.

तेवढ्यात खालून आवाज आला. टक, टक, टक. मध्ये शांतता. पुन्हा तीनदा.

“तो पंप असतलो, बाई,” फोरमन म्हणाला. “त्या जहाजावर पण असोच ठोकी.”

पंपाचा कागद माझ्या हातात होता. काढल्याची नोंद होती, बसवल्याची नव्हती. अर्ध्या तासापूर्वीच मी तो गोणपाटावर पडलेला पाहिला होता.

“पंप अजून गोदामात आहे,” मी म्हणाले.

त्याचा हात थांबला. मग त्याने एकेक नट उलटा फिरवला. रंगाचा उग्र वास वर आला. टॉर्चच्या उजेडात तळाशी एक खलाशी निपचित पडलेला दिसला. त्याला दोराने वर ओढलं. बऱ्याच वेळाने त्याने श्वास ओढला.

तो त्या पोकळ जहाजावरचा होता. सकाळी त्याला रंगकामाला इकडे पाठवलं, पण बिल्ला त्याने सवयीने आपल्याच जहाजावर अडकवला होता.

दोन दिवसांनी तो माझ्या टेबलाशी आला. चहा घेता घेता मी त्याला ठोकण्याबद्दल विचारलं.

“मी नाही ठोकलं, मॅडम. मला वाटलं, तुम्ही वरून ठोकताय. ते ऐकता ऐकताच माझे डोळे मिटले.”

मग त्याने बिल्ला मागितला. तो कोणीच आणला नव्हता. फोरमन आणि मी त्या रिकाम्या जहाजावर गेलो. फळीवर एकच बिल्ला लटकत होता. नियमाप्रमाणे आत अजून एक माणूस होता.

फोरमनने पान्याने लोखंडी भिंतीवर तीनदा ठोकलं. आम्ही दोघं कान देऊन उभे राहिलो. आतून काही आवाज आला नाही. तेव्हा कुठे मी बिल्ला काढला. त्या जहाजाच्या टाक्यांची झाकणं मात्र फोरमनने पुढे कधीच लावू दिली नाहीत.