विहिरीवरचा नौसैनिक

मित्रहो, आज सकाळी माझे एक ठाम मत चुकीचे ठरले. तसे ते क्वचितच ठरते.

माझा धाकटा भाऊ वीस वर्षे नौदलात आहे. सुट्टीवर आमच्या गावी, चुडाव्याला आलेला, उद्या परत निघतो. तत्पूर्वी लेकीला पोहता आलेच पाहिजे, हा त्याचा हट्ट. पाहुण्यासारख्या येणाऱ्या बापाने मुलीवर कवायत लादू नये, असे मी त्याला सुनावले होते.

विहिरीवर शेजारच्या काकू हसल्या, "इथं कुठं समिंदर हाय रे?"

"विहीर तर हाय ना, काकू!" भाऊ म्हणाला.

दहा वर्षांच्या ईश्वरीच्या कमरेला दोर बांधून त्याने तिला पाण्यात सोडले. ती हातपाय मारी, पण पुढे सरकेना. मी रागावणार, तोच ती ओरडली, "पप्पा, दोर लय ताणलाय तुमी! सोडा की जरा!"

त्याने दोर दोन्ही मुठींत आवळून धरला होता आणि नजर तिच्यावरून हटत नव्हती. आपण नसताना लेक या विहिरीत पडली तर, या भीतीलाच मी कवायत समजत होते.

त्याने दोर हळूहळू सैल केला. ईश्वरी पलीकडच्या पायरीला पोचली. "आता जा तुमी बिनघोर," ती धापा टाकत म्हणाली.

भावाची माफी मी अजून मागितलेली नाही. उद्या गाडी सुटण्यापूर्वी मागेन. दूर राहणाऱ्या बापांविषयी आपण निकाल फार लवकर देतो का?