पाहुणीचा की बायकोचा

बेळगाव स्टेशनावर गाडीनं शिट्टी दिली तेव्हा मामंजी माझ्या खिडकीपाशी आले आणि दोन महिन्यांत पहिल्यांदा माझ्याशी बोलले. एवढंसंच बोलले. शांता, तू तेव्हा पलीकडच्या दारातून माझी ट्रंक आत ढकलत होतीस, तुला ते ऐकू आलं नाही. तुझे आप्पा, माझे मामंजी, गेल्याचं तुझं पत्र काल मोंबासात पोचलं. तेव्हा ते काय बोलले हे आता तुला लिहून कळवलं पाहिजे. आपल्या गल्लीतल्या ज्या पोरींचे नवरे दूरदेशी आहेत त्यांनाही हे वाचून दाखव. पण आधी ते दोन महिने का बोलत नव्हते ते सांगते, कारण तुला त्यातलं निम्मंच ठाऊक आहे.

तुझ्या अण्णाला, म्हणजे यांना, मोंबासाला जाऊन तीन वर्षं झाली होती. कापडाच्या दुकानात नोकरी, राहायला दुकानामागची खोली. मी शहापुरात रहाटावर सुताच्या कांड्या भरत होते आणि मामंजी मागावर लुगडी विणत होते. चौथ्या वर्षी यांचं पत्र आलं: 'परवाने दोन तऱ्हेचे मिळतात. एक पाहुणीचा, सहा महिन्यांचा, मुदत संपली की परतायचं. दुसरा बायकोचा. त्याला मालक जामीन राहतील, मी आहे तोवर तू राहायचं. तुला जमेल तो घे.'

जमेल तो म्हणे. माझा असा संताप झाला की पत्र चुलीत घालावं. तीन वर्षं बाईनं वाट बघायची, आणि या माणसाला 'ये' एवढं एक अक्षर लिहायला जड जातं. पुढं कळलं की ते घाबरून गप्प बसले होते. बापाला दुखवायचं धाडस त्यांच्यात नव्हतं, म्हणून ते माझ्यावर टाकलं.

मामंजींनी पत्र वाचून घेतलं आणि तिथंच ठरवून टाकलं. "पाहुणीचा काढू. सा म्हैनं ऱ्हा, आनि येताना त्येला घिऊन ये. तू निघालीस की त्यो बी निघतोय बघ."

वासराला पुढं घातलं की गाय आपोआप घराकडं वळते, तसं त्यांना करायचं होतं. त्यांना मी वाईट म्हणत नाही. एकुलता लेक समुद्रापलीकडं, डोळ्यांनी कमी दिसायला लागलेलं, आणि माझ्या कांड्यांशिवाय मागाचा धोटा हातात बसत नाही असं ते चारचौघांत म्हणायचे. पण मी तेवीस वर्षांची होते. मला माझा संसार पाहिजे होता, लेकरं पाहिजे होती. सहा महिने पाहुणचार घ्यायला मी काही तुझ्या अण्णाची मावशी नव्हते. मी म्हटलं, "मामंजी, मी बायकोचा काढणार." ते हसले. त्यांना ठाऊक होतं, मला ते जमायचं नाही.

का जमायचं नाही, ते कचेरीत कळलं. पाहुणीच्या कागदावर घरच्या कर्त्यानं सही केली की झालं. बायकोच्या कागदाला मात्र बाईनं स्वतः बोलायचं होतं. कारकुनानं विचारलं, "नवऱ्याचं नाव?" आणि माझी बोलती बंद. तुला आठवतं ना, लग्न झाल्यापासून मी गल्लीच्या तोंडाशी असलेल्या मारुतीलासुद्धा मारुती म्हटलं नव्हतं. 'शनवारच्या देवाला तेल घालून येते' म्हणायची आणि तू खिदळायचीस. कारकुनाला मी तेच सांगितलं, शनवारचा देव म्हणून. तो धारवाडकडचा होता, त्याच्याही घरी हीच रीत असणार, पण त्यानं ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि कागदावर लिहिलं: बाईस नवऱ्याचे नाव सांगता येत नाही, बायको असल्याची खात्री नाही. पुढच्या सोमवारी साहेबापुढं या म्हणाला.

घरी येताना मामंजी मऊ आवाजात म्हणाले, "कशाला जिवाला तरास? पाहुणीचा घे." शहापूर संस्थानात, बेळगाव इंग्रजांकडं. मधला रस्ता ओलांडला की राज्य बदलायचं, आणि तो रस्ता मी हजारदा ओलांडला होता. त्या दिवशी तो लई रुंद वाटला.

रविवारी आई वडगावहून आली. म्हणाली, "नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य घटतंय, बाई. तेवढं करू नगंस." मी त्या रात्री खरंच भ्याले. यांना तिकडं दोनदा हिवताप येऊन गेला होता, तापात पाणी द्यायला कुणी नव्हतं. मग मला वाटलं, एकट्यानं तापात पडून आयुष्य घटत नाही, आणि मी नाव घेतल्यानं घटतं, हे कुठलं शास्त्र? मी निजले.

सोमवारी साहेबानं कागदावरून डोळे न काढता विचारलं. मामंजी माझ्या डाव्या हाताला, हातभर अंतरावर उभे होते.

"मारुती," मी म्हटलं.

"पूर्ण सांगा. बापाचं नावही लागतं."

हे मला कुणी सांगितलं नव्हतं. नवऱ्याचं नाव घ्यायला मी मनाची तयारी करून आले होते, पण सासऱ्यांचं, आणि तेही त्यांच्या समोर? मामंजींनी मान खाली घातली होती, ते स्वतःच्या वहाणांकडं बघत होते. मी पदर घट्ट धरला आणि कचेरीभर ऐकू जाईल असं म्हटलं, "मारुती परसराम."

"पाहुणी म्हणून जाता?"

"न्हाय जी. ऱ्हायला जाते. बायको हाय मी त्यांची."

साहेबानं बायकोच्या कागदावर शिक्का मारला, आणि तेव्हापासून मामंजी माझ्याशी बोलले नाहीत. 'शांते, तिला सांग कांड्या संपल्या,' आणि मी दोन हातांच्या अंतरावर बसलेली. तू बिचारी मधे. मागावरचा ताणा अर्धा टाकून जायचं नाही म्हणून मी मुरगाव बंदरात बोट यायच्या आत त्या ताण्याच्या साऱ्या कांड्या भरून टोपलीत रचल्या. त्यांनी त्या वापरल्या. टोपली रिकामी झाल्याचं तूच नंतर लिहिलंस.

तर स्टेशनावर ते खिडकीचा गज धरून म्हणाले, "तिकडं कुनी कुनाची म्हनून इचारलं, तर माजं नाव सांग. कचेरीत सांगितलंस तसंच. दबकू नगंस."

मुरगावपर्यंत मी तेच मनात घोकत होते.

मोंबासाच्या धक्क्यावर गोऱ्या अधिकाऱ्यानं विचारलं, मी दोन्ही नावं सांगितली. पलीकडं तुझे अण्णा उभे होते, त्यांनी बायकोच्या तोंडून आपलं नाव पहिल्यांदा ऐकलं. खोलीवर पोचेपर्यंत ते पुन्हा पुन्हा म्हणत होते, "आप्पांचं बी घेतलंस?" इथं दुकानाला दुका म्हणतात, नारळाच्या दुधात भात शिजवतात, आणि माझ्या मिरचीच्या ठेच्याला शेजारची झांझिबारची बाई हात जोडते. यांच्या परवान्याबरोबर माझाही मी तीनदा वाढवून घेतला. दर खेपेला विचारतात, मी सांगते. आज पुन्हा जायचं होतं. साहेबानं विचारलं, सासरे हयात? मी नाही म्हटलं, आणि बाकावर बसून रडले. चारचौघांत रडले, मला लाज वाटली नाही.

परत कधी, असं तू विचारतेस. मी राहायला आले आहे, शांता, आणि त्याचा मला पस्तावा नाही. पण घर म्हणशील तर ते तिथलंच. माझी पोर पाच वर्षांची झाली. आल्यागेल्यानं 'तू कुणाची गं?' म्हणून विचारलं की ती हातातला पाव खाली ठेवून, हात मागं बांधून उभी राहते. तिला ते मीच शिकवलंय. "मारुतीची, परसरामाची, शहापूरची," म्हणते, आणि अजिबात दबकत नाही.