विनिताताईंची करंगळी

नौपाड्यात आमचं औषधांचं दुकान आहे आणि बरोबर डोक्यावर, पहिल्या मजल्यावर, विनिताताई टिल्लू गिटार शिकवतात. माझी पन्नाशी उलटलेली, गोळ्यांच्या पट्ट्या कापून कापून बोटं राठ झालेली. तरी मी त्यांच्याकडे शिकायला गेले, कारण वरून ऐकू येणारं ते वाजवणं मला गल्ल्यावर स्वस्थ बसू देईना.

ताई गाणी पाठ करून घेत नाहीत. डाव्या हाताने कॉर्ड धरायची, म्हणजे काही तारा एकदम दाबून ठेवायच्या, उजव्या अंगठ्याने खालचा खर्ज चालू ठेवायचा आणि त्या पकडीतच चाल शोधायची. ‘तीन बोटांनी घर सांभाळायचं, करंगळीने गावभर हिंडायचं,’ म्हणजे तीन बोटांनी कॉर्ड धरून करंगळीने वरचे सूर घ्यायचे, असं त्या पूर्वी सांगायच्या म्हणे. आम्हा नव्यांना मात्र त्यांनी ते कधीच सांगितलं नाही. आम्हाला सांगायच्या, ‘बोट उचला, मोकळी तार वाजू द्या.’ चाल खालच्या सुरांकडे उतरायची. आम्हाला वाटलं, गिटार अशीच वाजते.

त्यामागचं कारण मला फार उशिरा कळलं. एकदा मेथी निवडताना ताईंची डावी करंगळी आपोआप हलायला लागली होती. त्यांच्या वडिलांचा कंपवात असाच सुरू झालेला, पेपर धरलेल्या हाताच्या एका बोटापासून. मग कप गेला, मग सदऱ्याची बटणं गेली आणि शेवटी ताईच त्यांना चमच्याने भरवायच्या. त्यामुळे बोट हललं तशा ताई घाबरल्या आणि ती भीती गेलीच नाही. चारचौघांत त्या करंगळी मुठीत दडवत. पलीकडच्या गल्लीत मेंदूविकाराच्या डॉक्टरांचा बोर्ड आहे, तो दिसू नये म्हणून भाजीला वळसा घालून जात. वाजवतानाही त्यांनी त्या बोटाला घरी बसवलं.

महिन्यातून एका रविवारी आम्ही सगळे एकमेकांना वाजवून दाखवतो. ताई कॉर्ड सांगतात, ज्याने त्याने तिथल्या तिथे चाल काढायची. त्या रविवारी आधी बँकेतल्या साईनाथने वाजवलं, मग कॉलेजातल्या समृद्धीने, मग मी. सगळ्यांच्या चाली एकाच जागी येऊन खाली वळत होत्या, पुढचा रस्ता खणून ठेवलेला असावा तशा. ऐकता ऐकता ताईंचा चेहरा उतरत गेला.

“अरे, वर का जात नाही कुणी? करंगळी काय शोभेला आहे?”

माझ्या जिभेला हाड नाही. मी म्हटलं, “तुम्ही तरी कुठे वापरता, ताई? तुमचं बघूनच शिकलोय ना आम्ही?”

ताईंनी गिटार घेतली, सी कॉर्ड धरली आणि करंगळी पहिल्या तारेवर ठेवली. तार नुसती खरखरली. पुन्हा ठेवली, पुन्हा तेच. बोट थरथरत होतं आणि ते आम्हा सगळ्यांना दिसत होतं. मला माझीच जीभ चावून टाकावीशी वाटली.

“बघून घ्या,” त्या म्हणाल्या. “हे असं होतंय मला. बाबांना झालेलं तेच असेल, नसेल, मला माहीत नाही. मी फार घाबरलेय. पण तुमची बोटं तर धड आहेत ना? त्यांना मी उगाच बांधून ठेवलं.”

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्याबरोबर त्याच डॉक्टरांकडे गेले. डॉक्टरांनी त्यांना बोटं आपटायला लावली, चालून दाखवायला लावलं आणि शांतपणे आजाराचं नाव सांगितलं. वडिलांना होता तोच. सुरुवात आहे, गोळ्यांनी बरीच वर्षं आटोक्यात राहील, असंही म्हणाले. ताईंनी ते ऐकलं की नाही, देव जाणे.

आज क्लास नसणार असं धरून मी संध्याकाळी दुकानात बसले. दिवेलागणीला वरून हाक आली, “अगं मालन, येतेस ना?”

वर गेले. डोळे रडून सुजले होते त्यांचे. त्यांनी आपली गिटार माझ्या मांडीवर दिली, मला कॉर्ड धरायला लावली आणि माझी करंगळी स्वतःच्या हाताने उचलून पहिल्या तारेवर ठेवली. तो हात थरथरत होता.

“दाब,” त्या म्हणाल्या. “मला ऐकू दे.”