दोन्या तोमासा गाडी धुते तेव्हा

डोंगरातल्या तळ्याकाठी आमचं कोपाकाबाना; इथे नवी गाडी घेतली की ती आधी चर्चसमोर आणतात. पाद्री पवित्र पाणी शिंपडतो, मग घरचे बिअरचे फवारे उडवतात, पाकळ्या आणि रंगीत कागदाच्या टिकल्या उधळतात. मी तिथेच हार विकतो, म्हणजे यावर माझंही पोट आहे. पण दुसऱ्या दिवशी त्या गाडीकडे बघवत नाही. उन्हाने बिअर वाळून चिकटलेली, कागद घट्ट बसलेले. आणि आमची शहाणी माणसं ते नखाने खरवडतात! ओरखडे पडले की गाड्या धुणाऱ्या तोमासाबाईकडे, आमच्या दोन्या तोमासाकडे पळतात.

आदल्या दिवशी गाडीला आशीर्वाद घेतलेल्या विल्बेर नावाच्या पोराने निदान ते केलं नाही; तो सरळ तोमासाकडे आला. त्याची मिनीबस पांढरीशुभ्र होती, वर नवं कोटिंग. सोबत आई, दोन्या सेबेरिना. थोरला मुलगा घाटात गाडीसकट गेला, तेव्हापासून ती कुठल्याच गाडीत बसलेली नव्हती. त्याची गाडी आशीर्वादाला आणायची राहिली होती, असं ती सगळ्यांना सांगायची. इथेही नवस फेडायला पायी आली होती. धाकट्याच्या गाडीतून परत जायला ती कशीबशी तयार झाली होती.

"गाडीवरचा आशीर्वाद धुऊन काढलास तर मी आले तशी चालत जाईन," ती म्हणाली.

"अगं, कागदाचा रंग उतरतोय! कोटिंग खराब होईल."

"होऊ दे. गाडी दुसरी मिळेल, तू मिळणारेस का?"

विल्बेरचं तोंड एवढंसं झालं.

"खरवडणार नाही मी, दोन्या सेबेरिना," तोमासा म्हणाली. "तुम्ही नुसतं बसून बघा."

गाडी सावलीत घेऊन तिने पत्रा निवू दिला. कोमट साबणपाण्यात भिजवलेली जुनी मऊ फडकी टपावर, दारांवर अंथरली आणि स्वस्थ बसून राहिली. मला दम निघेना. मग तिने एक फडकं अलगद उचललं, तर टिकल्या आणि पाकळ्या आपणहून त्याला लागून आल्या! जिथे डाग उरला तिथे पुन्हा ओलं फडकं, पुन्हा थांबणं. घासणं नाहीच. फडकी परातीत पिळत गेली. शेवटी तिने स्वच्छ पाणी सोडलं, तेव्हा ते त्या पांढऱ्या रंगावरून थेंबाथेंबांनी घरंगळलं आणि मागे एक रेघ राहिली नाही. रोज बघतो मी हे, तरी अंगावर काटा आला.

परातीतलं पाणी तिने गटारात ओतलं नाही. पुढच्या चाकांसमोर मातीत ओतलं, बिअर, पाकळ्या, कागद सगळ्यासकट.

"पाचामामाचं, आपल्या धरणीमातेचं, तिला पोचलं," ती म्हणाली. "आता यावरून गाडी ने, पोरा."

सेबेरिनाने त्या ओल्या मातीकडे बघितलं. मग हॅट काढून हातात घेतली आणि पुढच्या सीटवर जाऊन बसली.

"हळू चालव," ती विल्बेरला म्हणाली. "थोरल्याला हे सांगायचं राहिलं होतं."