जाळीला हात लावायचा नाही

तिला सगळे आत्याच म्हणायचे, तिच्याहून वयाने मोठी असलेली माणसंसुद्धा. नवरा गेल्यावर ती भावाकडे परत आली. भावाच्या घरात खोल्या रिकाम्या पडल्या होत्या, पण त्याने तिला दिली तळ्याच्या बांधाखालची पंपाची खोली. "तिथे तुला मोकळं वाटेल," असं म्हणाला. मोटार चालू झाली की त्या खोलीतली भांडी थरथरायची.

तळं घरचंच होतं. वडिलांनी ओढ्यावर मातीचा बांध घालून पाणी अडवलं होतं. बांधावर त्यांनी कधी एक झुडूप उभं राहू दिलं नाही. मुळं कुजली की आत पोकळी होते आणि पाणी ती वाट शोधून काढतं, हे त्यांनी दोन्ही लेकरांना लहानपणीच सांगितलं होतं. भावाने ते एका कानाने ऐकलं आणि दुसऱ्याने सोडलं. आता तो उंटावरून शेळ्या हाकायचा आणि राबायची आत्या. घुशींची बिळं माती चेपून बुजवायची, झुडपं उपटायची, सांडव्यातला पालापाचोळा काढायची. सांडवा म्हणजे जादा पाणी बांधाच्या कडेने निघून जायची वाट. ती तुंबली की पाणी बांधाच्या डोक्यावरून जातं, आणि मातीचा बांध ते सोसत नाही. जेवायला यायला तिला उशीर झाला की भाऊ म्हणायचा, "आल्या बघा चिखलाच्या महाराणी."

तिचं माणूस एकच, वहिनी. नवऱ्यापुढे ती तोंड उघडायची नाही, पण मागच्या दाराने आत्याकडे काही ना काही पोचायचं. कधी जुनी शाल, कधी डोकेदुखीच्या गोळ्या. दुपारी दोघी पंपाच्या खोलीच्या पायरीवर बसायच्या, भावाच्या घोरण्याची नक्कल करायच्या आणि डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसायच्या.

मग भावाने तळ्यात मासे सोडले. शहरातले पाहुणे गळ टाकायला येऊ लागले. त्यांच्या गाड्या थेट बांधावर चढायच्या, त्यामुळे बांधाचा माथा मधोमध खचून खोलगट झाला. मासे निसटू नयेत म्हणून भावाने सांडव्याच्या तोंडाशी बारीक जाळी दोऱ्यांनी बांधून घेतली. पावसात ती जाळी पाल्याने गच्च भरली, तेव्हा आत्याने एक बाजू सोडवून पाणी जाऊ दिलं. पाण्याबरोबर थोडे मासेही गेले.

भावाने तिला पाहुण्यांसमोर उभं केलं. "मासे कुठे गेले गं? तुझ्यासारखे माहेरी?"

पाहुणे हसले. तो मात्र हसला नाही. "यापुढे जाळीला हात लावायचा नाही. लावलास तर ती खोलीही सोडायची."

पुढच्या पावसाळ्यात झड लागली. पाणी वर वर सरकत बांधाच्या माथ्याशी आलं आणि जाळीपुढे पाल्याची भिंतच उभी राहिली. आत्या सकाळी भिजत घरी गेली. ओसरीवर पाहुणे चहा पीत बसले होते.

"दादा, जाळी काढावी लागेल. पाणी माथ्याला टेकलंय."

"गेल्या वेळीही टेकलं होतं," भाऊ म्हणाला. मग पाहुण्यांकडे वळला. "हिचा नवरा गेला तोही हिच्या कटकटीला कंटाळून."

कोणीतरी फिसकन हसलं. दारात उभी असलेली वहिनी म्हणाली, "वन्सं, दोन घास खाऊन तरी जा." आत्या तशीच फिरली.

सांडव्याशी ती पोचली तेव्हा कोयता तिच्या हातात होता. जाळी चार दोऱ्यांवर तर होती. ती वाकलीसुद्धा. मग सरळ उभी राहिली. हात लावायचा नाही ना? नाही लावत. तिने खोलीतून आपली ट्रंक ओढत वरच्या उतारावर आणली आणि तिच्यावर बसली. बांधाखाली तिची खोली आणि भावाची बाग, दुसरं काही नव्हतं. अशा पावसात बागेत कोण असणार? जाऊ देत मासे, जाऊ दे तळं, दादाचा तोराही जाऊ दे. कित्येक वर्षांत तिला इतकं निवांत वाटलं नव्हतं.

खोलगट झालेल्या जागेवरून पाण्याची पातळ धार पलीकडे उतरली. बघता बघता धारेने माती कापायला घेतली. आणि तेव्हाच खालच्या पायवाटेवर तिला छत्री दिसली. वहिनी डबा घेऊन पंपाच्या खोलीकडे चालली होती.

आत्या ओरडली, उतारावरून घसरत धावली. पाण्याच्या आवाजात तिला स्वतःचा आवाजही ऐकू येईना. वहिनीने खोलीचं दार वाजवलं, थोडं थांबून पुन्हा वाजवलं. तेवढ्यात बांध मधोमध फुटला.

वहिनी बागेच्या कुंपणात अडकलेली सापडली.

चौकशीला सरकारी इंजिनिअर आले. भाऊ म्हणाला, "बांधाची सगळी देखभाल हिच्याकडेच होती."

"जाळी तुंबलेली तुम्हाला दिसली होती?" इंजिनिअरने आत्याला विचारलं.

"दिसली होती."

"मग काढली का नाही?"

"दादाने हात लावू नको म्हणून सांगितलं होतं."

भाऊ म्हणाला, असं मी बोललोच नाही. पाहुण्यांना विचारलं तर त्यांना काही आठवेना. शेवटी बांध पुन्हा घालायचा नाही, एवढाच हुकूम झाला आणि प्रकरण मिटलं.

पंपाची खोली वाहून गेली होती. आत्याला घरात घ्यावं लागलं, आणि भावालाही चूल सांभाळणारं कोणीतरी हवंच होतं. त्याने तिला वहिनीची खोली दिली. वहिनीच्या साड्या तशाच कपाटात होत्या, त्याने काढू दिल्या नाहीत. पहिल्या दिवशी ताट वाढताना आत्या म्हणाली, "दादा, मला जाळी तोडता आली असती."

भावाने घास चावून गिळला. "ठाऊक आहे मला," तो म्हणाला. "म्हणून तर तुला इथे ठेवलंय. भाजीत मीठ कमी आहे."

तिने मीठ आणून दिलं.