दुसऱ्या गिअरवर माकणीला

लोहारा मागं पडला आणि तात्यारावांच्या जुन्या मोटारसायकलीचा गिअर दुसऱ्यातच अडकला. धाराशिवहून नवरा-बायको माकणीला निघाले होते, पुतण्या बुद्धघोषच्या मुलीच्या नामकरणाला. तात्यारावांनी पंजानं दाबून पाहिलं, टाचेनं हाणून पाहिलं. गिअर हलेना. हाणता हाणता डाव्या पायातून कळ निघाली, तशी त्यांनी गाडी बाभळीच्या सावलीत घेतली.

"मेकॅनिकला बोलवावं लागंल," पाय चोळत ते म्हणाले.

सुमनबाई उतरून गाडीकडं बघत उभ्या राहिल्या. "क्लच चालतोय न्हवं? ब्रेक?"

"व्हय. पर ह्या पायानं आता न्हाय जमायचं."

"मग मागं बसा. म्या चालवते."

"लई वर्सं झाली, सुमन."

"झाली तर झाली."

तात्याराव लाईनमन होते. माकणीला नोकरीत असताना खांबावरून पडले आणि हाच पाय मोडला. ड्रेसिंगला लोहाऱ्याच्या दवाखान्यात जावं लागायचं आणि प्लास्टरचा पाय घेऊन एसटीत चढणं म्हणजे हाल. सुमनबाई तेव्हा अंगणवाडीत होत्या. मुलं घरी गेली, की धरणाच्या रस्त्यावर त्यांची शिकवणी सुरू व्हायची. तात्याराव कुबडी घेऊन दगडावर बसायचे आणि तिथनंच ओरडायचे, "क्लच दाब! आता गिअर टाक! अगं, खाली बघू नको, रस्ता बघ!" साडीखाली नवऱ्याची खाकी पँट घातलेल्या सुमनबाई गाडी बंद पाडायच्या, परत किक मारायच्या. एकदा तर गाडीसकट ज्वारीत शिरल्या. त्यांना हसू आवरेना, आणि कुबडीवाल्या नवऱ्याला त्यांना उठवायला जाता येईना. पुढं प्लास्टर निघेपर्यंत दवाखान्याची ने-आण त्यांनीच केली. पाय बरा झाला तशा त्या मागच्या सीटवर गेल्या. जा म्हणून कुणी सांगितलं नव्हतं.

आज त्यांनी साडी वर खोचली, पोटऱ्या उघड्या पडल्या तरी पर्वा केली नाही. क्लच दाबून किक मारली. पहिला गिअर नाही, म्हणून क्लच सोडताच गाडी गचकन बंद पडली.

"रेस वाढव. क्लच सावकाश सोड," मागून आवाज आला. तोच, थोडा थकलेला.

"माहितेय मला."

दुसऱ्या खेपेला गाडी हिसके देत निघाली. वेग सायकलीपेक्षा जरा जास्त, इंजिनाचा आवाज मात्र सगळ्या शिवाराला ऐकू जाईल असा. पण हळू चालल्यामुळं दोघांना एरवी न दिसणारं दिसू लागलं. अंगणवाडीतली पोरं चिंचा पाडायची ते झाड आता नव्हतं. तात्यारावांनी उभे केलेले खांब होते, फक्त तारा नव्या होत्या.

"ह्या वळणावर तू मला म्हणायचीस, धरून बसा," तात्याराव म्हणाले.

"मग आताबी बसा की धरून."

त्यांनी बायकोच्या खांद्यावर हात ठेवला.

बुद्धघोष दारातच होता. "काकू, तुम्ही चालवत आणली?" तो एवढ्या मोठ्यानं ओरडला, की आतल्या बायका नामकरण टाकून बाहेर आल्या. सुमनबाईंचे तळहात लाल झाले होते. त्यांनी पदर नीट केला आणि बाळाला मांडीवर घेतलं.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिकनं गिअर दुरुस्त केला. निघताना तात्यारावांनी किल्ली बायकोपुढं धरली. सुमनबाईंनी ती घेतली आणि आधी न्यूट्रल लागतोय का ते पाहिलं.